जुन्या झौरसचा आवाज गेलाय, कोणी मार्ग सुचवेल का?

रिकामटेकडा | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, आवराआवरीत कपाटाच्या तळाशी जुनं झौरस सापडलं. शार्पचं एसएल-सी३१००, २००५ सालचं. आजच्या पोरांना सांगायचं तर खिशात मावणारा, कळफलक असलेला, उघडमीट करणारा संगणक. ४१६ मेगाहर्ट्झचा पीएक्सए२७० प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, पोटात ४ जीबीची चिमुकली फिरणारी हार्डडिस्क आणि ३.७ इंची पडदा. पण त्या पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके, अक्षरं अजूनही कोरल्यासारखी दिसतात. मूळ प्रणाली काढून मी त्यावर २.६ कर्नलचं (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) लिनक्स चढवलं होतं, ते तसंच आहे.

बॅटरीने जीव धरला, पडदा उजळला, डिस्कची कुरकुर ऐकून बरं वाटलं. आवाज मात्र ठार बंद. एप्ले या आज्ञेने वेव्ह फाइल लावली तर काही तक्रार न करता चालते, तीन मिनिटांची फाइल तीन मिनिटांत संपते. स्पीकर ढिम्म. हेडफोन लावला तर एकाच कानात काहीतरी खरखरतं, तेही वायर हलवली तर.

पूर्वी यावर गाणी ऐकलेली आहेत, म्हणजे मुळात आवाज होता. आता कुठून सुरुवात करू?

---

शंकासुर | शनिवार, रात्री १०:३१

व्हॉल्यूम वाढवला का? हसू नका, मागे एका धाग्यावर चाळीस प्रतिसादांनंतर तेच निघालं होतं.

---

रिकामटेकडा | शनिवार, रात्री १०:३५

वाढवला हो. अल्सामिक्सरमध्ये (आवाजाच्या पातळ्या ठरवणारा प्रोग्राम) दिसतील तेवढे सगळे दांडे टोकाला नेलेत.

---

पेंगुइनप्रेमी | शनिवार, रात्री ११:०४

सगळे दांडे टोकाला नेणं हाही आजारच आहे, पण त्यावर नंतर बोलू.

तीन गोष्टी कळवा. प्रॉकमधल्या असाउंड फोल्डरात कार्ड्स नावाची फाइल आहे, तिच्यात ध्वनिकार्डांची यादी असते, काय दिसतं? डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, कोडेकबद्दल (आकड्यांचा आवाज करणारी चिप) काही रडगाणं आहे का? आणि दुसरा कुठला प्रोग्राम ध्वनी अडवून बसलाय का? हे फ्यूझरने कळेल. जुन्या प्रणालींत ईएसडी नावाचा ध्वनिसेवक असायचा. तो एकदा का साधन धरून बसला की बाकीच्यांना हात लावू देत नसे.

फाइल वेळेत संपते यावर मात्र फार विसंबू नका. या यंत्रात ध्वनीचं घड्याळ प्रोसेसर देतो आणि कोडेक त्याच्या तालावर चालतो. त्यामुळे कोडेकच्या पुढे सगळं बंद असलं तरी नमुने (ध्वनीचे आकडे) वेळेवर पुरवले जातात आणि गाणं वेळेवर ‘संपतं’. पोस्टमनने पत्र टाकलं एवढंच त्यातून कळतं, घरात कोणी आहे का ते कळत नाही.

---

आजोबा८०८६ | रविवार, सकाळी ६:४८

आधी स्पीकरच जिवंत आहे का ते बघा. मल्टिमीटर रोध मोजायला लावून स्पीकरच्या दोन टोकांना टेकवायचा. ८ ओहमचा स्पीकर असेल तर आकडा त्याच्या जरा खाली येतो. अनंत दाखवला तर आतली तार तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. क्षणभर म्हणजे क्षणभरच, धरून बसू नका.

---

कथिलकल्हई | रविवार, सकाळी ९:२०

आजोबा, चाचणी बरोबर आहे, पण त्यासाठी यंत्र उघडावं लागेल. वीस वर्षांचं प्लास्टिक आणि केसासारख्या फिती. पहिल्याच दिवशी पेचकस नको. उघडायचीच वेळ आली तर बॅटरी आधी बाहेर.

@रिकामटेकडा, एक सांगा. हेडफोनची पिन पूर्ण आत जाते का?

---

रिकामटेकडा | रविवार, सकाळी ११:१५

@पेंगुइनप्रेमी, कार्ड दिसतं. नाव ‘स्पिट्झ’ असं लिहिलंय. डीमेसेजमध्ये तक्रार नाही. फ्यूझर कोणालाच पकडत नाही, म्हणजे साधन मोकळं आहे.

@कथिलकल्हई ताई, पिन किंचित बाहेर राहते, पण या हेडफोनचं रबरी आवरण जाड आहे, त्यामुळे असावं.

---

पेंगुइनप्रेमी | रविवार, दुपारी १२:०२

कार्ड उभं राहिलं ही चांगली बातमी. याचा अर्थ डब्ल्यूएम८७५० कोडेक आयटूसी या चिपा जोडणाऱ्या तारांवरून उत्तर देतोय. मेला असता तर कार्ड नोंदलंच गेलं नसतं.

आता खरी गंमत. या झौरसांचे ध्वनिचालक (ड्रायव्हर) म्हणजे लिनक्समधल्या एएसओसी या रचनेची पहिली पोरं. ती रचना २००७ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आली. तिच्यात डीएपीएम नावाचा एक काटकसरी मुनीम बसलेला असतो. नमुने निघतात तिथपासून स्पीकरपर्यंतची वाट तो तपासतो. ती सलग उघडी असेल तरच वाटेतल्या भागांना वीज देतो. मध्ये एक जरी दार बंद असलं तरी सगळ्या वाटेचे दिवे मालवून मोकळा. त्रुटी नाही, संदेश नाही. बॅटरीच्या दृष्टीने उत्तम, पण आवाज शोधणाऱ्याच्या डोक्याला ताप.

तुमच्या यंत्रात अशी दारं दोन ठिकाणी आहेत. एक, लेफ्ट मिक्सर आणि राइट मिक्सर यांच्या नावाने असलेले प्लेबॅक स्विच. हे दांडे नाहीत, चालू-बंद खटके आहेत. अल्सामिक्सरमध्ये त्यावर जाऊन ‘एम’ दाबावं लागतं, दांडा वर नेऊन काही होत नाही. दोन, ‘स्पीकर फंक्शन’ आणि ‘जॅक फंक्शन’ नावाच्या निवडी. पहिलीत ऑन आणि ऑफ एवढंच, दुसरीत हेडफोन, माइक, लाइन, हेडसेट आणि ऑफ. या तुम्हाला अल्सामिक्सरच्या पार उजव्या टोकाला सापडतील, स्क्रीन सरकवत न्या.

हेडफोन कोडेकच्या पहिल्या जोडीवर आहे आणि स्पीकर दुसऱ्या जोडीवर, त्यामुळे दोघांचे दांडेही वेगळे. आणि सगळे बायपासवाले खटके बंद करा. ते आत येणारा सिग्नल थेट बाहेर सोडतात, नुसता खर्रर्र ऐकू येईल.

---

रिकामटेकडा | रविवार, दुपारी १२:४०

वाजलं!!!

स्पीकर फंक्शन ऑफ होतं. ऑन केल्याबरोबर स्पीकर असा बोलला की मी दचकलो, दांडे टोकाला होते ना. पेंगुइनप्रेमी, तुमच्या तोंडात साखर पडो.

---

आजोबा८०८६ | रविवार, दुपारी १:१०

अभिनंदन. आता अल्साकंट्रोलने ही स्थिती साठवून ठेवा, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

---

निळीशाई | रविवार, दुपारी ३:२६

धागा आवाजाचाच आहे म्हणून इथेच विचारते. माझ्याकडे कॉम्पॅकचं आयपॅक (असंच एक खिशातलं यंत्र) आहे, एच३६०० मालिकेतलं, २०६ मेगाहर्ट्झवालं. त्यावरही लिनक्स. वेव्ह फाइल मस्त वाजते, पण एमपीथ्री लावली की उचकी लागल्यासारखी अडखळते. स्पीकर गेलाय का?

---

पेंगुइनप्रेमी | रविवार, दुपारी ४:०१

नाही. स्पीकरला एमपीथ्री काय आणि वेव्ह काय, सारखंच.

तुमच्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरात दशांश गणिताचं वेगळं यंत्रच नाही. रिकामटेकडांच्या पीएक्सए२७० मध्येही नाही. प्लेअरने दशांश आकडेमोड मागितली की कर्नल ती एकेक करून पूर्णांकांनी नक्कल करून देतो. बोटं मोजून पाढे म्हणण्यासारखंच ते. एमपीथ्री उलगडताना सेकंदाला असं प्रचंड गणित लागतं, मग बफर (वाजवायला तयार ठेवलेला साठा) रिकामा पडतो आणि उचकी लागते.

उपाय म्हणजे पूर्णांकांवर चालणारा उलगडक वापरा. एमपीथ्रीसाठी लिबमॅड. एमप्लेअर वापरत असाल तर त्याला ‘एसी मॅड’ हा पर्याय देऊन सांगावं लागतं, आपणहून निवडेलच असं नाही. ऑग फाइल असतील तर ट्रेमर. वेव्हमध्ये उलगडण्यासारखं काही नसतंच, म्हणून ती सुखाने वाजते.

---

निळीशाई | रविवार, सायंकाळी ५:१८

मॅडने उचकी थांबली. गाण्याबरोबर पानही उलटता येतं आता. आभार!

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९:४५

माझा आनंद चोवीस तासही टिकला नाही. झाकण मिटून ठेवलं, तासाभराने उघडलं, आवाज पुन्हा गायब. स्थिती साठवलेली होती. आजोबा, तुमचं ऐकून केलं होतं हो.

---

पेंगुइनप्रेमी | सोमवार, रात्री १०:२०

निद्रेतून उठल्यावर? मग मला अंदाज आहे. यंत्र झोपतं तेव्हा कोडेकच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात आणि उठल्यावर चालकाने त्या पुन्हा लिहायच्या असतात. जुन्या चालकांत इथे चुका असायच्या. ध्वनीची मॉड्यूलं काढून पुन्हा चढवून बघा. नवीन कर्नल मिळत असेल तर तोही.

---

कथिलकल्हई | सोमवार, रात्री १०:४४

थांबा जरा. कर्नल बदलायच्या आधी एवढंच सांगा: आवाज गेल्यावर मिक्सरमध्ये स्पीकर फंक्शन काय दाखवतं? ऑन दाखवून गप्प असेल तर पेंगुइनप्रेमी म्हणतात ते बरोबर. ऑफ दाखवत असेल तर नोंदी पुसल्या गेलेल्या नाहीत, कोणीतरी ते बंद केलंय.

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०:५८

ऑफ दाखवतं! मी ऑन केलं की लगेच वाजतं.

आणि आता एक विचित्र प्रकार. ऑन करून टेबलावर जरा आपटलं (हळूच), तर पुन्हा ऑफ झालं. निद्रा वगैरे काही नाही.

---

पेंगुइनप्रेमी | सोमवार, रात्री ११:१०

ताई, बरोबर बोललात. मी मागे घेतो. आपटल्यावर ऑफ होणारी चूक कर्नलमध्ये नसते.

रिकामटेकडा, हेडफोन घुसला की नाही हे कळफलकाचा चालक एका स्विच-घटनेने कळवतो, झाकण मिटलं की नाही हे कळवतो तसंच. कर्नल स्वतः पुढे काही करत नाही. वरची एखादी सेवा ती घटना ऐकते आणि स्पीकर बंद करून हेडफोन चालू करते. इव्हटेस्ट हा अशा घटना दाखवणारा प्रोग्राम चालवा, तो सुरुवातीलाच स्विचांची स्थिती छापतो. जॅक रिकामा ठेवून बघा.

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ११:३२

जॅक रिकामा. इव्हटेस्ट म्हणतो हेडफोन इन्सर्ट: १.

म्हणजे यंत्राच्या मते हेडफोन लावलेलाच आहे. झाकण उघडल्यावर सेवा पुन्हा स्थिती वाचत असणार आणि इमाने इतबारे स्पीकर बंद करत असणार. आणि मी बिचाऱ्या चालकाला शिव्या घालत होतो.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:०५

मग ती सेवाच बंद करून टाका. स्पीकर कायमचा ऑन. काम खल्लास.

---

कथिलकल्हई | मंगळवार, सकाळी ८:५०

चालेल, पण हेडफोनच्या एका कानातली खरखर तशीच राहील. दोन तक्रारी एकाच भोकाच्या आहेत, तर आधी त्या भोकात बघायला काय हरकत आहे?

साध्या जॅकमध्ये आत पात्याच्या स्प्रिंगा असतात. पिन घुसली की टोकाशी असलेली स्प्रिंग बाजूला ढकलली जाते आणि तिच्या मागचा संपर्क उघडतो किंवा मिटतो. त्यावरून यंत्राला कळतं की पिन आली. आता पिन नसताना ती आल्याचं दिसतंय, म्हणजे तीन शक्यता: संपर्कावर काळा थर चढलाय, स्प्रिंग थकून वाकलेलीच राहिलीय, किंवा तिला काहीतरी ढकलून धरतंय.

थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पिनला लावून वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा, यंत्र बंद आणि बॅटरी बाहेर. तोंडाने फुंकू नका, वाफ आणि थुंकी आत जाते. पण त्याआधी टॉर्च घ्या आणि आत नीट बघा. कारण मला तुमची ती ‘किंचित बाहेर राहणारी’ पिन रविवारपासून खुपतेय. दुसरा हेडफोन लावून किती बाहेर राहते ते सांगा.

---

आजोबा८०८६ | मंगळवार, सकाळी १०:१५

अवांतर होईल, पण लिहितो. दुसरा हेडफोन निवडताना पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे म्हणजे तीन भाग: डावा, उजवा आणि जमीन. तीन पट्टे म्हणजे चार भाग, चौथा माइकचा. त्यातही दोन रिवाज आहेत. सीटीआयए पद्धतीत जमीन तिसऱ्या भागावर आणि माइक बुंध्याशी, ओएमटीपी पद्धतीत नेमकं उलट. जुन्या यंत्रांत चौथा भाग कधी कधी रिमोटसाठीही वापरलेला असायचा.

चुकीची जोडी जमली तर जमिनीचा संपर्कच तुटतो आणि दोन्ही कानांचे स्पीकर एकापाठोपाठ एक जोडले जातात. मग ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक. गायकाचा आवाज बहुतेकदा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. वाद्यं लांबून आल्यासारखी आणि गायक गायब! माइकचं बटण दाबून धरलं की एकदम नीट ऐकू येतं, ही त्याची खूण. मी एकदा दोन दिवस फाइलीच खराब आहेत असं समजून चाललो होतो.

तर तपासणीला साधा तीन भागांचाच हेडफोन घ्या.

---

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९:०२

तीन भागांचा, बारीक आवरणाचा हेडफोन लावला. तरीही पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेर. रबर निर्दोष होतं.

टॉर्च मारली. आत तळाशी काहीतरी चकाकतंय. जॅकचा आतला भाग असा चकाकतो का?

---

कथिलकल्हई | मंगळवार, रात्री ९:०९

चकाकणारं गोलसर आहे का? मध्यभागी बारीक खड्डा किंवा तुटल्यासारखा कडा?

---

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९:१४

गोल. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. अरे देवा.

---

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:१५

🍿

---

कथिलकल्हई | मंगळवार, रात्री ९:३०

कुठल्यातरी पिनेचं टोक तुटून आत राहिलंय. या पिना आतून पोकळ असतात. टोक मधल्या बारीक दांडीवर बसवलेलं असतं, आडवा धक्का बसला की तेवढंच मोडतं. सगळं जुळतंय बघा. टोकाने स्प्रिंग ढकलून धरलीय म्हणून ‘हेडफोन आहे’. नवी पिन त्यावर आपटते म्हणून पूर्ण जात नाही, आणि तिचे भाग भलत्याच स्प्रिंगांवर येतात म्हणून एका कानात खरखर. आपटल्यावर स्पीकर बंद होतो, कारण टोक जरासं हलतं.

काढताना फेविक्विकसारखा गोंद काडीला लावून चिकटवायचा सल्ला जिकडेतिकडे दिसेल. नका करू. थेंब भिंतीला लागला की जॅकच गेला. यंत्र आडवं धरून, भोक खाली करून हलकेच ठोकून बघा. नाहीच पडलं तर मग उघडायची वेळ आली असं समजा. जॅकची मागची बाजू उघडी असेल तर मागून सुईने ढकलता येतं.

---

रिकामटेकडा | गुरुवार, रात्री १०:५०

ठोकून पडलं नाही. काल रात्री पेचकस घेतलाच. बॅटरी आधी बाहेर, प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागी चिकटवला. खालचं कवच सुटायला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं मी एक स्क्रू लेबलाखाली लपलेला आहे हे न कळल्यामुळे नुसता ओढत बसलो होतो. कवच सुटलं तेव्हा असा ‘कटक’ आवाज झाला की मी डोळेच मिटले. पण काही तुटलं नव्हतं, खाचच सुटली.

जॅकच्या मागे बारीकसं भोक होतं. बोथट सुईने मागून अलगद रेटलं, दुसऱ्या दमात टोक पुढून टपकन टेबलावर. तांदळाच्या दाण्याहून लहान, सोनेरी मुलाम्याचं. नंतर अल्कोहोल लावलेली पिन पंचवीस वेळा आतबाहेर. पहिल्या पाचात कापूस काळा झाला.

इव्हटेस्ट: रिकामा असताना ०, पिन घातली की १, काढली की ०. दहा वेळा केलं, नुसता बघत बसलो. हेडफोनमध्ये दोन्ही कानांत स्वच्छ, हेडफोन काढला की स्पीकर आपोआप सुरू. झाकण मिटून उघडलं, आपटलं (हळूच), काही बिघडत नाही.

---

पेंगुइनप्रेमी | गुरुवार, रात्री ११:०५

झकास! आणि मी कर्नल बदलायला लावत होतो. ताईंना दंडवत.

---

कथिलकल्हई | गुरुवार, रात्री ११:१२

दंडवत राहू द्या. डीएपीएमचं तुम्ही सांगितलं नसतंत तर स्पीकर जिवंत आहे हेच कळलं नसतं, आणि आजोबांच्या सेलसाठी रविवारीच कवच उघडलं गेलं असतं.

---

शंकासुर | गुरुवार, रात्री ११:२०

पण ते टोक कोणाचं?

---

रिकामटेकडा | शुक्रवार, सकाळी ७:४०

हा प्रश्न कोणी विचारू नये अशी इच्छा होती.

खणात माझा जुना हेडफोन पडलेला आहे. मी तो ‘बिघडला’ म्हणून बाजूला ठेवला होता. आज सकाळी बघितला. पिनेला टोक नाही. म्हणजे ज्या दिवशी हेडफोन बिघडला त्याच दिवशी झौरसचा आवाज गेला असणार, आणि मी दोन वेगळ्या वस्तू मोडल्या असं समजून दोन्ही ठेवून दिल्या.

आता शेवटचं एक. आवाज बाहेर येतो, पण यंत्राजवळ बोलून ध्वनिमुद्रण केलं तर फाइल पूर्ण शांत. कॅप्चरचे सगळे खटके चालू आहेत. कुठला राहिला असेल?

---

कथिलकल्हई | शुक्रवार, सकाळी ८:०२

या यंत्रात माइक नाहीच. बाहेरचा जॅकला लावावा लागतो आणि जॅक फंक्शन ‘माइक’वर न्यावं लागतं.

पिन बघून घाला.